अकरावी-बारावीचं बायो घेताय? सोलापुरातल्या पोरांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

दहावीचा निकाल लागला की तेच तेच प्रश्न येतात, फोनवर, दारात, भाजी घेताना पण. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. मी बायो शिकवते आणि हा विषय मला मनापासून आवडतो, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, वाचा निवांत. हे सगळं स्टेट बोर्डाच्या सायन्सबद्दल आहे, सीबीएसईवाल्यांचं पुस्तक आणि पेपर पॅटर्न वेगळा असतो.

दहावीच्या सायन्सपेक्षा किती अवघड असतं?

धडे बघायचे तर अकरावीला 16 आणि बारावीला 15, म्हणजे आकडा बघून घाबरण्यासारखं काही नाही, फरक पडतो तो खोलीत. दहावीला पेशीतलं श्वसन शिकताना क्रेब्ज सायकलचं नाव आलं होतं, चार ओळी लिहिल्या की मार्क मिळत होते. अकरावीला तीच सायकल स्टेप बाय स्टेप येते, कुठल्या स्टेपला कुठला एन्झाइम, कार्बन डायऑक्साइड कुठे बाहेर पडतो, एका फेरीत तीन एनएडीएच आणि एक एफएडीएच टू (ऊर्जा पुढे नेणारे रेणू) कसे तयार होतात आणि एका ग्लुकोजमागे दोन फेऱ्या का होतात. शेवटचा 'का' ज्याला कळला त्याला बाकीचं लक्षात राहतं, कारण ग्लायकोलायसिसमध्ये एका ग्लुकोजचे दोन पायरुव्हेट झालेले असतात हे त्याला माहीत असतं.

पहिले दोन-तीन महिने जड जातात, ते सगळ्यांनाच जातात. दहावीला 95 टक्के पडलेली पोरगी अकरावीच्या पहिल्या युनिट टेस्टला पन्नासात वीस घेऊन येते आणि घरी रडारड होते. पालकांनी तेव्हा शांत राहावं एवढंच सांगते, दिवाळीपर्यंत गाडी रुळावर येते.

बायो म्हणजे नुसतं पाठांतर ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि याचं उत्तर मी सगळ्यात लांब देते.

नावं पाठ करावी लागतात, त्यात वाद नाही. किंगडम प्लँटी, किंगडम ॲनिमॅलिया हे अकरावीचे धडे आहेत त्यात फायलम, क्लास, उदाहरणं आहेत आणि ती पाठच करायची. पण तेवढ्यावर जो थांबतो तो बारावीला अडकतो.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी सगळ्यांनी खाल्लीय, हुरडा तर नक्कीच. ही रब्बीची ज्वारी, पाऊस संपल्यावर काळ्या रानातल्या ओलीवर येते. उन्हाचा तडाखा, पाणी कमी, तरी पीक उभं राहतं, कसं काय? त्याचं अर्धं उत्तर अकरावीच्या फोटोसिंथेसिसच्या धड्यात आहे. साध्या झाडांत, म्हणजे सी थ्री प्लँट्समध्ये, रुबिस्को नावाचा एन्झाइम कार्बन डायऑक्साइड पकडतो, पण गरमी वाढली आणि पाणी वाचवायला स्टोमॅटा, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, मिटली की पानातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि तोच रुबिस्को ऑक्सिजन पकडायला लागतो, मग झाडाने कमावलेल्यातलं बरंच वाया जातं. त्याला फोटोरेस्पिरेशन म्हणतात. ज्वारी, मका, ऊस ही सी फोर पिकं. यांच्यात कार्बन डायऑक्साइड आधी पेप कार्बोक्झिलेज हा दुसरा एन्झाइम पकडतो, ज्याला ऑक्सिजनशी काही घेणंदेणं नसतं, आणि मग तो कार्बन डायऑक्साइड शिरेभोवतीच्या बंडल शीथ सेल्समध्ये नेऊन सोडला जातो. तिथे रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडच इतका असतो की ऑक्सिजनला संधीच मिळत नाही. शिवाय स्टोमॅटा थोडे उघडे ठेवून काम भागतं म्हणून पाणी वाचतं. ज्वारीच्या पानाचा पातळ आडवा छेद मायक्रोस्कोपखाली धरला की शिरेभोवती मोठ्या हिरव्या पेशींचं गोल कडं स्वच्छ दिसतं, त्यालाच पुस्तकात क्रॅन्झ ॲनाटॉमी म्हटलंय.

हे एकदा डोळ्यांनी बघितलं, की सी थ्री आणि सी फोर मधला फरक लिहा हा प्रश्न पाठ करायची गरजच उरत नाही. मला वर्गात हेच करायचं असतं आणि मुलांकडून पण एवढीच अपेक्षा असते की प्रत्येक धड्याला निदान एकदा तरी "असं का?" विचारा. उत्तर मला येत नसेल तर आपण मिळून शोधू.

मॅथ्स सोडून पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) घेतलं म्हणजे गणित सुटलं का?

फिजिक्स आहे ना अजून! आणि बायोमध्येसुद्धा थोडं गणित आहेच. मेंडेलचा 3:1 आणि 9:3:3:1 सगळ्यांना माहीत असतो पण खरी गंमत बारावीच्या इव्होल्यूशनच्या धड्यात, हार्डी-वाइनबर्गमध्ये. समजा एखाद्या लोकसंख्येत 16 टक्के लोकांत एक रिसेसिव्ह लक्षण (आई-बाबा दोघांकडून तो जीन आला तरच दिसणारं) दिसतंय, तर ते लक्षण न दिसणारे पण जीन बाळगणारे कॅरिअर किती? क्यू म्हणजे रिसेसिव्ह जीनचं प्रमाण, पी म्हणजे त्याच्या जोडीदार जीनचं. क्यू स्क्वेअर 0.16, म्हणून क्यू 0.4, पी 0.6, आणि कॅरिअर टू पीक्यू म्हणजे 0.48. निम्म्याच्या आसपास लोक कॅरिअर आणि त्यांना स्वतःला काही त्रास नाही. वर्गात हे उत्तर फळ्यावर आलं की पोरं एकमेकांकडे बघायला लागतात.

इथूनच पुढे थॅलेसेमिया, सिकल सेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार येतात. आई-बाबा दोघं कॅरिअर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असायची शक्यता 25 टक्के, आधीच्या बाळाला काय झालं त्यावर पुढच्याचं अवलंबून नसतं. आपल्याकडे मामा-भाचीची, आत्या-मामाच्या मुलांची लग्नं अजून होतात, त्यामुळे हा धडा शिकवताना मुलं खूप खरे प्रश्न विचारतात आणि ते विचारू द्यावेत असं मला वाटतं. एकाच घराण्यातलं रिसेसिव्ह जीन दोन्हीकडून यायची शक्यता नात्यातल्या लग्नात वाढते, हे शास्त्र आहे, यात कुणाच्या घरावर बोट नाही.

पीसीबी की पीसीएमबी (बायोसोबत मॅथ्स पण), याचं थोडक्यात उत्तर: मेडिकल पक्कं असेल तर पीसीबी, मनात थोडी जरी शंका असेल तर मॅथ्स ठेवा. मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंगचं दार जवळजवळ बंद होतं. फार्मसी आणि ॲग्री दोन्हीकडून होते.

माझी मुलगी मराठी मीडियमची आहे, तिला झेपेल का?

झेपेल. मोहोळ, अक्कलकोट, बार्शीकडून येणारी कितीतरी मुलं मराठी मीडियमची असतात, सोलापुरात तर तेलुगू, कन्नड आणि उर्दू शाळांतून येणारी पण असतात, म्हणजे घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि आता सायन्सचं पुस्तक इंग्लिश. यातली खूप मुलं बारावीला इंग्लिश मीडियमवाल्यांच्या बरोबरीनं मार्क घेतात, फक्त पहिल्या सत्रात त्यांना जास्त कष्ट पडतात ते घरच्यांनी समजून घ्यायला हवेत.

एक उपाय चांगला लागू पडतो. वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने आखा, एकीकडे शाळेत शिकलेला शब्द, दुसरीकडे नवा. पेशी - सेल, केंद्रक - न्यूक्लियस, तंतुकणिका - मायटोकाँड्रिया, हरितलवक - क्लोरोप्लास्ट, परागण - पॉलिनेशन. पन्नासेक शब्द झाले की लक्षात येतं की निम्मं तर आपल्याला दहावीपासूनच येतंय. दुसरं, स्पेलिंग मोठ्याने म्हणत लिहायचं, नुसतं वाचून स्पेलिंग बसत नाही. आणि उत्तर लिहिताना छोटी वाक्यं करा, बोर्डाच्या बायोच्या पेपरला भारी इंग्लिश लागत नाही, बरोबर टर्म आणि बरोबर क्रम लागतो.

वर्गात शंका मराठीत विचारली तर कुठल्याही चांगल्या सर-मॅडमना वाईट वाटत नाही. विचारा, बिनधास्त विचारा.

प्रॅक्टिकलला काय असतं? बेडूक कापावा लागतो का?

नाही. प्राणी कापायचं डिसेक्शन आता नाही, झुरळ अकरावीला अख्खा एक धडा आहे पण तो चार्ट आणि मॉडेलवरून शिकतात. ज्यांना रक्ताची, कापाकापीची भीती वाटते म्हणून बायो नको म्हणतात त्यांनी हे कारण तरी मनातून काढून टाकावं.

बाकी प्रॅक्टिकल खूप छान असतं आणि माझ्या मते बायोचा जीव तिथेच आहे. कांद्याच्या मुळाची मायटोसिसची स्लाइड सांगते. कांदा पाण्याने भरलेल्या बाटलीच्या तोंडावर असा ठेवायचा की फक्त बुडखा पाण्याला लागेल, काही दिवसांत पांढरी मुळं फुटतात. सकाळी मुळाची दोन-तीन मिलिमीटरची टोकं कापायची, कारण पेशी विभागतात त्या टोकालाच, आणि सकाळी जास्त विभागतात. ती ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोलच्या मिश्रणात ठेवतात. मग वॉर्म हायड्रोक्लोरिक ॲसिडने मऊ करून ॲसिटोकार्मिनचा लाल रंग द्यायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची, ब्लॉटिंग पेपरमध्ये धरायचं आणि अंगठ्यानं सरळ खाली दाबायचं, बाजूला घासायचं नाही, घासलं की पेशी गुंडाळल्या जातात आणि काहीच दिसत नाही. बऱ्याच जणांची पहिली स्लाइड वाया जाते. पण दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडला एखाद्या पेशीत क्रोमोसोम मधल्या रेषेवर ओळीनं लागलेले दिसतात, शेजारच्या पेशीत दोन टोकांकडे ओढले जात असलेले, आणि मग मायक्रोस्कोपपाशी गर्दी होते, "मॅडम मला बघू द्या की" सुरू होतं. पुस्तकातली मेटाफेज, ॲनाफेज ही नावं तेव्हा खरी वाटायला लागतात.

बोर्डाच्या बारावीच्या परीक्षेत थिअरी 70 आणि प्रॅक्टिकल 30 मार्कांचं असतं. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, वेळच्या वेळी पूर्ण करा आणि सही घ्या. आपल्याकडे जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा असते आणि ती उरकली की प्रॅक्टिकल परीक्षा समोर येऊन उभी राहते, त्यामुळे डिसेंबरपर्यंत जर्नल संपलेलं असेल तर जत्रा पण सुखानं फिरता येते.

रिप्रॉडक्शनचा धडा मुलामुलींना एकत्र शिकवतात का?

हो, आणि एकत्रच शिकवायला हवा. बारावीला दुसराच धडा आहे तो. मासिक पाळीचं चक्र, हार्मोन्स, फर्टिलायझेशन, गर्भनिरोधक, लैंगिक आजार सगळं त्यात येतं आणि परीक्षेला हमखास येतं. काही पालक फोन करून विचारतात की हे गाळता येईल का. गाळू नका हो. सतरा वर्षांच्या मुलामुलींना ही माहिती मोबाइलवर कुठून कुठून मिळत असते, त्यापेक्षा वर्गात बरोबर शब्दांत मिळाली तर चांगलंच आहे. पहिला तास थोडी कुजबुज होते, दुसऱ्या तासाला सगळे आकृती काढत असतात.

बोर्डाचा पेपर कसा असतो?

तीन तास, 70 मार्क. सुरुवातीला 10 मार्कांचे एमसीक्यू, त्यात पहिलं लिहिलेलं उत्तरच तपासतात म्हणून खाडाखोड नको. मग 8 मार्कांचे एका वाक्याचे प्रश्न. पुढे दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीन मार्कांचे बारापैकी आठ आणि चार मार्कांचे पाचपैकी तीन. म्हणजे लेखनाचा मोठा भाग दोन-तीन मार्कांच्या छोट्या उत्तरांचा आहे, पानभर लिहिणाऱ्यांचा वेळ जातो.

आकृती पेन्सिलीनं, मोठी, नावं शक्यतो उजव्या बाजूला एका सरळ रेषेत. हृदय, ओव्ह्यूल, अँथरचा छेद, मेंदू ह्या आकृत्या हात बसेपर्यंत काढा. शेडिंगची गरज नाही, नावं चुकली तर मार्क जातात.

नीट, सीईटी आणि बोर्ड, तिन्ही एकाच अभ्यासात होतं का?

बराचसा अभ्यास एकच, पण परीक्षा तिन्ही वेगळ्या. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, 180 प्रश्न, 720 मार्क आणि त्यात निम्मं बायो, 90 प्रश्नांचे 360 मार्क. बरोबरला चार, चुकलं तर एक वजा. अकरावी आणि बारावी दोन्ही येतं. नीट एनसीईआरटीच्या (सीबीएसईवाले वापरतात त्या) पुस्तकाला धरून असते, त्यामुळे स्टेट बोर्डाच्या मुलांनी बायोचं एनसीईआरटी ओळ न ओळ वाचायचं, तक्ते, आकृत्यांखालच्या ओळी पण. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, तिला पीसीबी ग्रुपमध्ये बायोचे 100 प्रश्न, 100 मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही आणि साधारण 20 टक्के भाग अकरावीचा.

नीटचा आणि बोर्डाचा सिलॅबस तंतोतंत जुळत नाही हे ध्यानात ठेवा. 2024 पासून नीटच्या सिलॅबसमधून मिनरल न्यूट्रिशन, पचनाचा धडा, पर्यावरणाचे प्रश्न असे काही भाग निघाले, पण आपल्या बोर्डाच्या पुस्तकात वनस्पतींचं मिनरल न्यूट्रिशन, माणसाचं पचन आणि पर्यावरण आहे. मुलं "नीटला नाही" म्हणून हे सोडून देतात आणि बोर्डाला मार्क घालवतात. बोर्डाचे मार्क पण लागतात, ओपनच्या मुलांना मेडिकलसाठी बारावीला पीसीबीत 50 टक्के, राखीवला 40 टक्के असायलाच हवेत.

नीटचा पेपर मराठीत मागता येतो, महाराष्ट्रातल्या सेंटरवर. पण दोन वर्षं इंग्लिश पुस्तक वाचलेल्या मुलानं ऐन वेळी मराठी पेपर घेतला तर ओळखीचे शब्दच अनोळखी वाटतात. फॉर्म भरायच्या आधी दोन्ही भाषांतला जुना पेपर सोडवून बघा आणि मगच ठरवा.

इंटिग्रेटेड कॉलेज (कॉलेज आणि नीट-सीईटीचा क्लास एकत्र) घ्यावं का? क्लास लावायलाच लागतो का?

ॲडमिशन घ्यायच्या आधी एकच करा, लॅब दाखवा म्हणा. मायक्रोस्कोप किती आहेत, मुलं ते स्वतः हाताळतात का, आठवड्याला प्रॅक्टिकल होतं का. काही ठिकाणी दोन वर्षं फक्त एमसीक्यू सोडवून घेतात आणि प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधल्या आठवड्यात घाईघाईत जर्नल उतरवून घेतात, अशी मुलं माझ्याकडे नंतर आलीत आणि त्यांना साधी स्लाइड फोकस करता येत नव्हती. मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण मुलं हुशार होती.

क्लास लागतोच असं नाही. कॉलेजमध्ये नियमित शिकवत असतील, मूल स्वतः वाचत असेल तर बायोला क्लासची गरज कमी पडते. फिजिक्सला पडू शकते.

रोज किती तास अभ्यास करावा?

तासभर बायो, पण रोज. रविवारी आठ तास बसून बाकी आठवडा पुस्तक बंद, असं बायोत चालत नाही, विसरायला होतं.

एमबीबीएस नाही मिळालं तर बायो वाया जातं का?

अजिबात नाही, आणि हा विचार मुलांच्या डोक्यात आपणच घालतो. सोलापूर डॉक्टर कोटणीसांचं गाव आहे, इथे मेडिकलचं आकर्षण असणार आणि असावं, गावात 1963 साली सुरू झालेलं सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पण सीट मर्यादित असतात आणि मेहनत केलेली सगळी मुलं त्यात मावत नाहीत.

आपल्या जिल्ह्यातलं काम बघा ना. सांगोल्याकडे डाळिंबावर तेल्या पडला की शेतकऱ्याचं वर्ष जातं. तो झँथोमोनास नावाच्या बॅक्टेरियामुळे होतो, त्यावर बुरशीनाशक मारून तो जाणार कसा? बॅक्टेरिया आणि फंगस यातला फरक अकरावीच्या दुसऱ्या धड्यात आहे. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या सोलापुरातच केगावला आहे, तिथली माणसं हेच काम करतात. ॲग्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, व्हेटर्नरी, फार्मसी, नर्सिंग, लॅब टेक्निशियन, किती वाटा आहेत आणि त्यातल्या कुठल्याच वाटेला दुय्यम म्हणू नका, विशेषतः मुलासमोर.

सोलापुरात बायोच्या मुलांनी बघावं असं काही आहे का?

खूप आहे! नान्नजचं माळढोक अभयारण्य, 1979 चं. बारावीला पॉप्युलेशनचा धडा आहे, जन्मदर, मृत्यूदर वगैरे. माळढोकाची मादी एका वेळी बहुतेक एकच अंडं घालते, ते जमिनीवर, उघड्या माळावर. मग कुत्री, नांगरट, विजेच्या तारा यांनी थोडी जरी पाखरं मेली तर संख्या परत भरून यायला किती वेळ लागेल याचा विचार तिथे उभं राहून करावा. माळढोक आता दिसणं फार अवघड झालंय, पण काळवीट दिसतात आणि गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे हे तिथे गेल्यावर कळतं.

हिवाळ्यात उजनीला जा, फ्लेमिंगो येतात. त्याच उजनीत वरच्या शहरांचं सांडपाणी भीमेतून येतं, पाण्यात नायट्रोजन-फॉस्फरस वाढतो, शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. पुस्तकात याला युट्रोफिकेशन म्हणतात. हे पाणी आपण पितो, म्हणून हा धडा "नीटला नाही" म्हणून सोडू नका.

कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे, तोपर्यंत काय करू?

अकरावीचं बायोचं पुस्तक बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतं, ते उतरवून घ्या आणि सेल स्ट्रक्चरचा धडा आधी वाचा, पहिला धडा नंतर वाचला तरी चालतं. पुढचं सगळं पेशीवर उभं आहे. पेशीची आकृती न बघता काढता येईपर्यंत काढा. घरात वाटी, पाणी आणि कांदा आहेच, तो लावून ठेवा आणि मुळं रोज मोजा. कॉलेज सुरू झालं की ती वही घेऊन तुमच्या सर-मॅडमना दाखवा आणि लॅबमध्ये त्यातल्या एखाद्या मुळाची स्लाइड करू द्याल का, विचारा.